उगवतीला फिरवलेला नकाशा

प्रिय सया,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून लिहायचे तेव्हा तू पहिली ओळ वाचून बाकीचं आईच्या मांडीवर टाकायचास, आणि मला ‘मॅडमताई’ म्हणून चिडवणारं एक वाक्य उत्तरादाखल पाठवायचास. आज तिथे वाचून दाखवायला कुणी नाही.

आपल्या बांधाशेजारचे आकारामदादा काल गेले. तुझ्या कोयत्याचा पहिला घाव त्यांनी हातावर झेलला होता. मनगट कातड्याला लोंबत राहिलं. दुसरा मानेवर बसला आणि ते विहिरीच्या कठड्यावर आडवे झाले. धोंडुबाईंनी पदर फाडून नवऱ्याची मान बांधली, पण रक्त थांबेना. दवाखान्यात ते शुद्धीवर आलेच नाहीत. तुझ्या कानावर आतापर्यंत दुसरंच काही घातलं गेलं असेल, म्हणून स्पष्ट लिहिते.

काल संध्याकाळी त्यांचा यशराज माझ्याकडे आला. बरोबर चौघे होते. खिडक्यांच्या काचा फोडल्या, तुझा लग्नातला फोटो पायाखाली चिरडला. माझा मोती भुंकत पुढे गेला, त्याला एकाने गजाने मारला. यशराजच्या हातात तलवार होती. ती टेबलावर ठेवून तो अगदी हळू बोलला. “आत्या, तुमास्नी हात लावणार न्हाय. पर त्यो कुठं हाय तेवढं सांगा. बापाचं मनगट आन् मान, दोनी वसूल करायची हायत.” तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं. बापासारखेच त्याचेही कान मोठे आहेत, हे मला त्या वेळी का दिसलं कोण जाणे.

ते गेल्यावर मी मोतीला पेरूखाली पुरलं आणि शाहूपुरीत आपल्या जमीनमोजणीच्या ऑफिसात जाऊन बसले. मी पुण्याला असताना तू केलेलं ड्रॉइंग उघडलं. जुन्या गावनकाशाचं स्कॅन तू आपल्या आताच्या मोजणीच्या आराखड्यावर चढवलंस. कागद स्कॅनरवर तिरका पडला होता, चित्र फिरवायला हवंच होतं. प्रश्न एवढाच, की कशाच्या आधाराने. तुला नकाशावर महादेवाचं देऊळ दिसलं. देवळाचं तोंड उगवतीला असतं, म्हणून त्याचं दार नेमकं पूर्वेला येईपर्यंत तू चित्र फिरवत गेलास.

अरे, आपल्या महादेवाच्या पिंडीवर ऊन शिवरात्रीच्या सुमाराला येतं. आई आपल्याला पहाटे उठवून न्यायची, तू तिच्या खांद्यावर पेंगत असायचास. देवळाचं तोंड थेट पूर्वेला असतं तर ते ऊन महिनाभराने, दिवस आणि रात्र सारखी होतात तेव्हा पडलं असतं. देवळाचं तोंड जरा दक्षिणेकडे वळलेलं आहे. तेवढ्या वळणाने अख्खा नकाशा फिरला, आणि शेताच्या लांबच्या टोकाला आपला बांध आकारामदादांच्या विहिरीपलीकडे जाऊन बसला.

मी ओढ्याकाठचा दगड आणि वरच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड धरला. दोन्ही जुन्या कागदावर आहेत, दोन्ही मोजणीत आहेत. एका दगडावर नकाशा टेकवला आणि दुसऱ्याला जुळेपर्यंत फिरवला. विहीर त्यांच्या बाजूला गेली, चांगली आत. हे तुलाही येतं, सया. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा माझ्या शेजारी खुर्ची ओढून तूच मला शिकवलंस. पण विहीर आपल्या बाजूला आलेली दिसली आणि तू हात थांबवलास.

का थांबवलास ते मला कळतं. त्याच विहिरीत आकारामदादांनी आपल्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून आपल्याला पोहायला शिकवलं. मी घाबरले की ते खालून तळहाताचा आधार द्यायचे. एकदा उतरायच्या आधी तू त्यांना विचारलंस, दादा, उतरू का? ते आबांनी ऐकलं. आपल्याच विहिरीत उतरायला परवानगी मागतोस म्हणून त्यांनी तुला बैलाच्या कासऱ्याने फोडून काढलं. पाठीवरचे वळ फुटले, सदरा चिकटला, आईने कोमट पाण्याने तो सोडवला. तू रडला नाहीस. त्या दिवसापासून विहीर आपली झाली, कागद काहीही म्हणो.

नव्या नकाशाची प्रत घेऊन मी आज सकाळी धोंडुबाईंकडे गेले. दादांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवलेल्या चुलीची राख अंगणात अजून ओली होती. त्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाल्या, “आमास्नी म्हाईतच हुतं की बाई, हीर कुणाची हाय ते.” मग मला चहा घ्यायला बसवलं.

तिथून निघताना कळलं, की दुधाच्या गाडीवाल्याने तुला गगनबावड्यात पाहिलंय आणि हे तो चावडीवर बोललाय. यशराजची गाडी अंगणात नव्हती. मी प्रीतीकडे गेले. तुझ्या बायकोने आधी माझे पाय धरले, मग पत्ता सांगितला. तो मी पोलिसांना दिला. जीपमध्ये डिझेल भरून होईपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. दारात यशराज आधी पोचला तर मला तुझे तुकडे गोळा करावे लागतील, आणि धोंडुबाईंचा एकुलता एक पोरगा आयुष्यभर आत जाईल. तुझ्याजवळ अजून कोयता आहे म्हणून हे लोक मला दारापर्यंत येऊ देणार नाहीत. हा कागद फटीतून आत सरकवला जाईल, आणि तू तो वाचून संपवेपर्यंत थांबायचा शब्द फौजदारांनी मला दिला आहे. म्हणून लांब लिहिलं. आता संपलं. कोयता तिथेच ठेव, दोन्ही हात मोकळे दिसू देत आणि बाहेर ये. तुझ्या पाठीखाली हात धरायला मी बाहेर जीपमध्ये बसलेली असेन.

तुझीच,
मॅडमताई