परतायची बॅटरी

बाबा, तुमच्या व्हॅनमधला तो लाल खटका अजून माझ्याकडे आहे. व्हॅन भंगारात गेली त्या दिवशी मी तेवढा काढून घेतला, बाकी काही मागितलं नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरखाली तुम्ही तो बसवत होतात, मी शेजारी पाना धरून उभी, आणि वरच्या मजल्यावरच्या अंकलनी बाल्कनीतून विचारलं होतं, "भाईसाहब, एक गाड़ी में दो-दो बैटरी?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एक खर्च करने की, एक घर लौटने की." ते हसले. तुम्ही मात्र मला परत एकदा समजावलंत: गाडी थांबली की खटका बंद करायचा, म्हणजे दिवे-पंखा सगळं मागच्या बॅटरीवर चालतं आणि पुढचीला कुणी हात लावू शकत नाही. दीक्षाभूमीवर माणूस कितीही रमला तरी दसऱ्यानंतर ऑफिसात हजर व्हायचं असतं, असं तुमचं साधं गणित होतं.

दर वर्षी दसऱ्याच्या आधी आपण दिल्लीहून नागपूरला निघायचो. रेल्वेने गेलं तर सामान कमी न्यावं लागतं, आणि तुम्हांला तर अर्धं घर न्यायचं असायचं. मैदानाच्या कडेला व्हॅन लावून मागे ताडपत्री बांधली, की तुमचे दोन ट्यूबलाइट आणि तो कुरकुरणारा छोटा पंखा सुरू. गावागावांतून आलेल्या बाया लेकरं घेऊन आपल्या उजेडात बसायच्या. आई स्टोव्हवर चहा ठेवते आहे, निळे झेंडे हलताहेत, तुम्ही दर थोड्या वेळाने बॅटरीकडे जाऊन बघताय. आई चिडवायची, "तिला ताप आलाय का, सारखे हात काय लावता?" अर्ध्याच्या खाली उतरली की तिचं आयुष्य कमी होतं, असं तुम्ही सांगायचात. आईला ते कधी पटलं नाही. तिच्या मते बॅटरी म्हणजे डबा, असेल तोवर वाढायचं.

तुमचा ओरडाही आठवतो. बॅटरीतलं पाणी कमी झालेलं पाहून मी शहाणपणा केला आणि स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी आणून ओतलं. दिल्लीच्या खाऱ्या पाण्याला कंटाळलेल्या आपल्या घरात आरओ म्हणजे अमृत! आईने तर कौतुकाने तांब्या भरून दिला होता. तुम्ही असे भडकलात की बस. "तुला चालतं म्हणून तिला चालेल का? क्षार राहतात त्यात! तिला काय हवं ते तिच्या बाजूने बघ ना!" मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला करोल बागेत नेलंत, डिस्टिल्ड वॉटर घेतलंत, आणि बॅटरी किती भरली आहे ते मोजायचा एक काचेचा हायड्रोमीटरही, "हा तुझा." त्या वयात मुलींना बाप काय देतात आणि मला काय मिळालं! पण मी तो कोणाला हात लावू दिला नाही. बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुणं माझ्याकडे आलं. आई ओरडायची, "सगळा सोडा बॅटरीला, मग भज्यांत काय घालू?"

आता आईच्या नाकात नळी असते. फुप्फुसं आखडत चालली आहेत, ऑक्सिजनचं छोटं मशीन सतत लागतं. आणि उन्हाळ्यापासून तिने एकच धरलंय: यंदा दसऱ्याला दीक्षाभूमी. विमान नको, हॉटेल नको. गाडीने जायचं, मैदानाच्या कडेला गाडीतच राहायचं, तुमच्यासारखं. मी मानेसरला गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात आहे, बाबा, दिवसभर हेच करते, तरी करोल बागेत दुकानदारासमोर बावळटासारखी उभी राहिले. साधी ॲसिडची बॅटरी स्वस्त, पण जड, पाणी बघा, आणि अर्धीच वापरा. लिथियमची महाग, पण हलकी, जवळजवळ पूर्ण वापरता येते, मात्र गाडीतून चार्ज करायला वेगळं यंत्र लागतं. मी लिथियमची घेतली. जाड वायर, फ्यूज, सगळं स्वतः केलं. रविवारी दुपारी पार्किंगमध्ये आईला गाडीत झोपवून मशीन तिच्यावर लावलं. संध्याकाळ झाली तरी चालत होतं. आई म्हणाली, "बाप्पा, हे तर तुझ्या बापापेक्षा भारी झालं." मला नाचावंसं वाटलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वाढवला. तीच बॅटरी दुपारीच संपली. मी दुसरी आणून जोडली. आकडा पुन्हा वाढला. मी बॅटऱ्या वाढवत राहते आणि तिचा श्वास पुढे पळतो, काय करू सांगा ना. डॉक्टरांना एकटीने भेटले. ते म्हणाले, "ले जाना चाहें तो ले जाइए. वापस ला पाएँगी, ये मैं नहीं कह सकता." घरी येऊन मी आईला फक्त एवढंच म्हटलं, की मशीनला लागणारी वीज जास्त आहे, गाडी चालू करायची बॅटरी आपण वेगळी ठेवायला हवी, बाबांचा नियम. ती भाजी निवडत होती. मान वर न करता, अगदी तुमच्यासारखीच, म्हणाली, "दोन्ही मलाच लाव. परत यायचं तुझं तू बघ."

बाबा, तिला सगळं कळतं. आणि तिला तिथेच जायचंय, परतायचं नाही. तुमची मुलगी म्हणून मला तिला न्यायला हवं. तिची मुलगी म्हणून मला ते जमत नाही. तिच्या बाजूने बघ, असं तुम्हीच ओरडला होतात. बघते हो. बघते आणि गाडीची चावी परत खुंटीवर टांगते.

दसरा गेला. आम्ही गेलो नाही. मी तिला सांगितलं, दुसरी बॅटरी खराब निघाली, कंपनीकडे बदलून मागितली आहे. ती तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली, "पाहा, तुमची इंजिनियर!" मग मला म्हणाली, "आली की सांग." रोज विचारते, आली का. ती बॅटरी माझ्या कपाटात आहे, रजयांच्या मागे. पडून राहिली तर मरेल म्हणून आई दुपारी झोपली की मी चार्ज करून ठेवते. बॅटरी अगदी चांगली आहे, बाबा.