नववीच्या वहीतला अर्ज

आईच्या जागी असलेल्या माझ्या ताईला,

शेंडेफळाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता काय म्हणतात? आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत (हे सकाळपासून कोणावर खेकसले नाहीत, यावरून ओळख).

पत्रास कारण तुझी भाची. तिला इंग्रजीचा गृहपाठ मिळाला, आपली शाळा सुधारावी म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहा. शाळा आपलीच, वर्ग नववीचा. मी पडले मॅट्रिक, तेही इंग्रजीत काठावर. मी काय मदत करणार? पण मी काही टाकून देत नाही, हे तू जाणतेस. माळ्यावरून तुझी नववीची वही काढली, तर त्यात नेमका तोच अर्ज. विषयसुद्धा बदलला नाही गं पस्तीस वर्षांत. वही उघडली आणि आपले सर आठवले, ज्यांना तुम्ही मुली 'स्वल्पविराम' म्हणायचात (बोलता बोलता थांबायचे, तेवढ्यात घंटा व्हायची). त्यांनी तुला तो अर्ज वर्गापुढे वाचायला लावला, तेव्हा पाचवीतली मी तुझा विसरलेला डबा घेऊन दारात उभी होते. अक्षर कळलं नाही, पण ऊर भरून आला. अजून कोणी इंग्रजी बोललं की मला तुझाच आवाज ऐकू येतो.

पोर म्हणाली, "आई, ही कॉपी होते." मी म्हटलं, "मावशीचं ते आपलंच. तिचे फ्रॉक घालून मी मोठी झाले, कोणी कॉपी म्हटलं नाही." (देव क्षमा करो.) तिने फक्त तारीख बदलली.

गळकं छप्पर, कुलपातलं वाचनालय, तीन वर्गांत मिळून एक शिक्षक, सगळं अजून जागच्या जागी. बाईंना वाटलं, काय नजर आहे मुलीची. वीसपैकी अठरा दिले आणि अर्ज खरोखरच कचेरीत धाडला. आता गुरुवारी अधिकारी छप्पर बघायला येतायत, आणि लिहिणाऱ्या मुलीशी इंग्रजीत बोलणार आहेत. दोन दिवस पोर एकच विचारतेय, त्यांना काय सांगू? खरं सांगावं तर बाई तोंडघशी पडतात आणि छप्पर राहतं ते राहतंच. खोटं सांगावं तर मी देवापुढे कोणत्या तोंडाने बसू?

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. बुधवारीच ये. अधिकाऱ्यांसमोर उभी राहा आणि सांग, अर्ज माझा, पस्तीस वर्षांपूर्वीचा, आणि यातला एकही शब्द अजून खोटा झालेला नाही. मग कॉपीबद्दल बोलायला त्यांना तोंड उरणार नाही.

आणखी ता. क. तिथे "मी तेव्हाच पाठवला होता, कोणी उत्तर दिलं नाही" असं मात्र म्हणू नकोस. सरांनी स्वच्छ प्रत काढून टपालात टाकायला सांगितली होती, आणि तू ते पाकीट माझ्याकडे दिलंस. वरचा पत्ता तू इतक्या सुरेख अक्षरात लिहिला होतास, की मला ते पेटीत सोडवेना. मी ठेवून घेतलं. तू वर्षभर पोस्टमनची वाट पाहायचीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून पाहायचे. रागावायचं ते इथे येऊन रागव, पण ये.