माहेरात पडलेलं जाळं

प्रिय रुचिता,

मंगळवार, १० फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ माझ्या घड्याळातली आहे, तुमच्या मत्स्य खात्याच्या नव्हे, म्हणून बरोबर आहे. त्या वेळी आमच्या तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात तू जाळं टाकायला लावलंस, एकदाच, आणि वर आलेले एकोणचाळीस मासे मोजून, तोलून, टोपी सावरत काठाच्या पाळीवर परत आलीस. बाकीच्या तलावात जाळं भिजलंसुद्धा नाही.

काल मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी, भैय्यालालने, तुझा अहवाल सगळ्यांना वाचून दाखवला. तलावात मुबलक मासळी आहे, यंदा दुप्पट पकड घेता येईल, राखीव कोपऱ्याची गरज नाही. खाली तुझी सही. सही सुरेख आहे, ती मी गिरवून घेतली होती.

सरासरीही मीच शिकवली होती ना गं? तू सातवीत होतीस, उन्हाळ्याच्या सुट्टीत पवनीला आली होतीस, आणि मी भाजी निवडत होते. मागच्या बाकावरची चार उंच मुलं मोजून अख्ख्या वर्गाची उंची सांगता येत नाही, हे तुला तेव्हा लगेच पटलं होतं. आमच्या कॉन्व्हेंटातल्या गणिताच्या सिस्टर असं उत्तर दिसलं की वही खिडकीबाहेर भिरकावत. बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, एकही वही भिरकावली नाही. आता पश्चात्ताप होतो.

त्या कोपऱ्याला इथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बाया 'माहेर' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तलावात मासे जवळजवळ संपले होते. तेव्हा शकुनबाई आणि तिच्या बरोबरच्या अकरा बायांनी कमरेभर पाण्यात उभं राहून तिथली माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, पाणवनस्पती लावल्या आणि ठरवलं की इथं कोणीच जाळं टाकायचं नाही. गाभोळीची मासोळी बाळंतपणाला तिथं जाते. तिथं मासे आहेत, कारण तिथं कोणी जात नाही. बाकी तलावात शकुनबाईचं जाळं अजून निम्म्या वेळा रिकामं येतं.

एक मार्चपासून माहेरातही जाळी पडणार. भैय्यालाल म्हणतो, "सरकारी पोरीनं लिवून देल्लं, आता कायचं माहेर!" पावसाळ्यात अंडी घालायला मासोळीच उरणार नाही, हे त्याला कोण सांगणार? शकुनबाई मला एवढंच म्हणाली, "बाई, इतक्या मासोळ्या हायेत, त मंग माह्या जाळ्यात काहून येत नाई?" तुझ्या अहवालात याचं उत्तर शोधलं. नाही.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते लिहिते. तुला नेणारी होडी, तो डोंगा, त्याच कोपऱ्याकडे का वळला, हे तू विचारलं नाहीस. तो शकुनबाईनं वळवला, आणि तिला मी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी तिच्या दारात जाऊन म्हणाले, माझी भाची पहिल्यांदाच साहेब होऊन येते आहे, तिला रिकाम्या जाळ्यानं पाठवू नकोस. पाहुण्याच्या पानात घरातलं सगळ्यात चांगलं वाढावं तसं तिनं तुला माहेर वाढलं. तीन वर्षांत तिथं पडलेलं पहिलं जाळं, तेही तिच्या हातचं. बाकीच्या बाया आता तिच्याशी बोलत नाहीत, आणि तिनं अजून कोणापुढे माझं नाव घेतलेलं नाही. ते सोसायटीच्या उद्याच्या बैठकीत मीच घेणार आहे. तुझ्या वरिष्ठांना दाखवायला हे पत्र जोडलंस तरी माझी हरकत नाही.

तू मात्र पुन्हा ये. तलावात दहा ठिकाणी जाळं टाक, आणि रिकामं आलं तर रिकामं लिही. तोवर हा अहवाल मागे घेतल्याचं लेखी उत्तर, तारीख आणि सहीसकट, शुक्रवार २७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत इथं पोचलं पाहिजे. ते शकुनबाईच्या नावानं पाठव, माझ्या नव्हे. फोन चालणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
सत्यभामामावशी