कमिटीपुढे चिऊ

३ फेब्रुवारी
कमिटी चोवीसला येतेय. विद्यापीठातला आमचा एम.ए. भूगोलाचा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तीच ठरवणार. 'ए' ग्रेड खिशात आहे. विभागप्रमुख या नात्याने उद्यापासून पहाटे पाचला उठून अहवाल लिहायचा.

४ फेब्रुवारी, सकाळी पावणेनऊ
गजर वाजलाच नाही. ही म्हणते, वाजला आणि मीच बंद केला.

९ फेब्रुवारी
गच्चीवरच्या पर्जन्यमापकात कबुतराने अंडी घातलीत. अहवालात 'जैवविविधता' या सदरात घेतली. लॅबमधले कॉम्प्युटर चालू होत नाहीत, पण पुसल्यावर झकास दिसतात.

१३ फेब्रुवारी
कमिटीपुढे कुणीतरी माजी विद्यार्थी बोलायला हवा. तिघांना फोन केले. तिघेही त्या दिवशी आजारी असणार आहेत. मग डोक्यात प्रकाश पडला. आपली चिऊ! माझी मुलगी, माझीच विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली. वर्गात चौघंच होती, पण पहिली ती पहिलीच. दोन वर्षांत घरी फिरकली नाही. कामाचा व्याप. बापाने बोलावल्यावर धावत येईल.

१५ फेब्रुवारी
माझा फोन लागत नाही. नेटवर्क. हिच्या फोनवरून लगेच लागला. येते म्हणाली, पण विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. मला तरी दुसरं काय हवंय?

२४ फेब्रुवारी
आली. वाळलीय पोर. मला 'सर' म्हणाली. शिस्त अजून आहे.
अध्यक्षबाईंनी विचारलं, या विभागाने तुला काय दिलं? चिऊ शांतपणे म्हणाली, "मला चित्रकला शिकायची होती. प्रवेशही मिळाला होता. पण इथे एक विद्यार्थी कमी पडत होता, म्हणून सरांनी माझा अर्ज परस्पर इथे दिला. त्या वर्षी विभाग वाचला."
मी घाईघाईने पुढचा नकाशा लावायला घेतला. हातातून सुटला. स्टँडच ढिला आहे. चिऊ चहाला थांबली नाही.

२६ फेब्रुवारी
रजा टाकली. बरं आहे, तरी पडून आहे. परस्पर कसलं? सांगणारच होतो. चित्रं काय, रविवारीही काढता आली असती.

१९ मार्च
अहवाल आला. विभाग बंद. एकाच रकान्यात पैकीच्या पैकी गुण: 'माजी विद्यार्थी निर्भीडपणे बोलतात.' म्हणजे चिऊच की! अभिमान वाटला आणि त्यातच रडू फुटलं. हे तिला फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर बसून सांगायला हवं. उद्याच निघतो.
हिच्याकडे पत्ता मागितला. ही भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला देऊ नको म्हणालीय."