किनाऱ्यावर चढणे म्हणजे आदळणे नव्हे

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
नौदल अभिलेख कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय: सैन्य उतरवणाऱ्या आमच्या जहाजाचा सेवा-इतिहास स्मृतिफलक बसण्यापूर्वी दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांना आलेली आपली उत्तरे. पैकी दुसरे वाचून मी खुर्चीत बसलो.

महोदय,

१. वरील जहाजाचे सुकाणू मी शेवटपर्यंत धरले. जहाज आता मोडीत निघाले असून त्याचा फलक येत्या रविवारी धक्क्यावर बसत आहे. फलकासाठी आपल्या कार्यालयाने मंजूर केलेला मजकूर असा: 'सेवाकाळात सत्तावीस वेळा जमिनीवर आदळले.'

२. महोदय, ते आदळले नाही, आम्ही ते चढवले. गाड्या आणि जवान थेट वाळूवर उतरवायचे तर जहाजाचे नाक किनाऱ्यावर चढवावेच लागते. त्यासाठीच त्याचा तळ सपाट होता आणि पुढे दरवाजे होते. आम्ही त्याला लाडाने 'म्हैस' म्हणायचो. म्हैस तळ्यातून काठावर आली तर तिला अपघात झाला असे कोणी लिहीत नाही.

३. चढण्याआधी आम्ही मागचा नांगर खोल पाण्यात सोडत असू, म्हणजे परतताना त्याच्याच जोरावर जहाज मागे ओढता येई. आपल्या नोंदीत यावर 'नांगर टाकूनही जहाज थांबवता आले नाही' असा शेरा आहे. तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, हे नम्रपणे नमूद करतो. पुरात अडकलेल्या गावासाठी चिखलात चढलो त्या दिवशीची नोंद तर 'आदळले. जहाजावर विनापरवाना बायकामुले व शेळ्या आढळल्या' अशी आहे. त्या आढळल्या नाहीत. आम्ही त्यांना उचलून आणले होते.

४. पहिल्या अर्जावर आपण कळवले की जहाज मुद्दाम चढवल्याचा पुरावा द्यावा. मी तसे लेखी दिले. त्यावर आपले उत्तर आले की सरकारी मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान केल्याची ही कबुली असून माझी चौकशी का करू नये. म्हणजे मी आगीतून फुफाट्यात पडलो. चौकशी खुशाल करावी, मी येतो. पण फलक आधी पाहावा.

५. हे भांडण माझ्यासाठी नाही. आमचे कप्तान आता फार थकले आहेत, दोन्ही डोळे गेले आहेत. प्रत्येक वेळी चढताना ते माझ्या पाठीशी उभे राहत आणि म्हणत, "घाबरू नकोस रे, हळू गेलास तर अर्ध्यातच रुतशील. घाल बिनधास्त, मी आहे!" रविवारी त्यांची मुलगी त्यांना धक्क्यावर आणणार आहे. मी तिला फलकाचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, पाटीवर काहीही असू दे. मी बाबांना आपलं चांगलंच वाचून दाखवीन." मला हायसे वाटले आणि हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो.

६. परंतु फलकाची अक्षरे पितळी आणि उठावाची आहेत असे काल कळले. कप्तान हल्ली स्वतःच्या दारावरची पाटीसुद्धा बोटांनी वाचतात आणि मगच घरात पाऊल टाकतात. हा फलक ते चाचपल्याशिवाय राहणार नाहीत.

७. तरी मजकूर दुरुस्त व्हावा ही विनंती. ते नियमात बसतच नसेल, तर निदान अक्षरे सपाट रंगवावीत.

आपला, अजूनही नम्र,

(सही)
सुकाणू खलाशी (निवृत्त)
दिनांक: ९ मार्च