मिठाची करंजी

कोल्हापूर

ती. मामी,
थोरल्या जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याला तुम्ही धाकट्या जावयाच्या करंजीत मीठ भरलंत. पहिल्याच घासाला धैर्यशील ओरडला, "मामी, जावई नको झाला व्हय?"

"नको असता तर गोड दिली असती की," तुम्ही म्हणालात.

घर हसलं. मीही हसलो, पण आतून जळत होतो. माझी करंजी गोड होती.

माझ्या पहिल्या दिवाळीतही तुम्ही मीठच भरलं होतं. देवानं दिलेलं टाकू नये म्हणून मी ती मुकाट्यानं संपवली आणि ताटाला हात जोडले. तुमची थट्टा तिथंच विरली. तेव्हापासून मी तुमच्या घरी नुसता 'पावणं'.

हे पत्र पाठवायचा धीर नाही, देवघरातच ठेवतोय. पण मामी, पुढच्या पाडव्याला मला मिठाची करंजी वाढा. मी ओरडेन.

तुमचाच,
बाळासो