बँकॉकची शिलाई

१२ जानेवारी

थायलंड! आणि तेही फुकट!

खतकंपनीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून दुकानदारांची सहल काढलीय. तिथं सहा दिवस, वर जायचा-यायचा प्रवास. मी विचारलं, "आणि बायका?" तर हे म्हणतात, "एका दुकानाला एकच तिकीट हाय." बरं जमवलंय कंपनीनं!

कोपरगावात दुकान टाकल्यापासून हा माणूस हौसेनं शिर्डीच्या पुढं गेला नाही. माझ्या माहेरी न्यायचं म्हटलं तरी पाठ दुखते. आता एकदम समुद्र ओलांडायचा, पाठीचं नाव नाही. बरोबर बेलापूरचे वाल्मिकभाऊ आहेत, त्यांचंही खताचंच दुकान. ते मागच्या साली जाऊन आलेत. आल्यावर महिनाभर नुसते गालात हसत होते, असं त्यांची बायको सत्यशीलाच मला सांगत होती.

वर कारण काय, तर ओमचं लग्न! "पोराचा अन् माझा सूट तिथंच शिवून आणतो." बँकॉकला मोठा कापडबाजार आहे म्हणे. कापड निवडा, माप द्या, दोन दिवसांत कपडे हातात. आपल्या नगरच्या कापडबाजारात नुसत्या शिलाईला पैसे जातात तेवढ्यात तिथं कापडासकट सूट. ओमनं पुण्याहून मापंही पाठवली. म्हटलं, "एवढं स्वस्त कसं काय देतात?" तर चहा फुंकत बसले.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाची बोलावणी आली. कुठंच गेले नाही. पाय दुखतो सांगितलं.

पाय कुठला दुखतोय! फेब्रुवारीत ऑपरेशनला वर्ष होईल. नाशिकला माझी डावी बाजू काढली. गाठ गेली, जीव वाचला, डॉक्टर खूश. मी तेव्हापासून दोन्ही खांद्यांवरून पदर घेते. जुने ब्लाउज डावीकडं रिकामे पडतात. आत रुमाल कोंबते, तो बोलता बोलता वर सरकतो. चार बायकांत कोण जाऊन बसणार? नवा शिवायचा तर रेश्माला, आमच्या गल्लीतल्या शिंपीण पोरीला, टेप लावू द्यावा लागेल. नकोच.

आणि हे? खोटं कशाला लिहू, माणूस सोन्यासारखा वागला. नाशिकच्या प्रत्येक खेपेला गाडी काढली, गोळ्या हातावर ठेवल्या, तोंडाला चव नव्हती तेव्हा स्वतः पेज केली. पण मी साडी बदलायला लागले की हे खोलीबाहेर! झोपायलाही बाहेरच्या खोलीत. "तुला झोपंत धक्का लागंल." वर्षभर कसला धक्का लागतो? सरळ सांगा ना, बघवत नाही म्हणून!

आणि आता थायलंड. मी काय दूधखुळी आहे?

१८ जानेवारी

गेले. अंगाला सेंट मारला होता! खताच्या दुकानातला माणूस!

१९ जानेवारी

रेश्मा दारात. "काकू, लग्न महिन्यावर आलं. टेप न्हाई लावत, मापाचा ब्लाउज तरी द्या."

मापाचा म्हणजे माझा डाळिंबी. ऑपरेशनच्या आधीचा. वर्षानुवर्षं सगळे ब्लाउज त्याच्यावरच शिवले. तिला काय माहीत, आता त्या मापाचं माझ्याकडं काही उरलं नाही. तरी म्हटलं देऊन टाकू, कटकट मिटेल. कपाट उपसलं. नाही! गादीखाली नाही, बोचक्यात नाही.

भांडीवाल्या छबूबाईला जरा वाकडंच विचारलं. ती कमरेवर हात ठेवून उभी. "ताई, तुमचा ब्लाउज माझ्या दंडात तरी शिरंल का?" खरंच नाही शिरणार. ओशाळले.

मग कोण? घरात मी आणि हे, दोघंच.

आता डोक्यात नको ते यायला लागलंय. बायकोचा ब्लाउज घेऊन माणूस परदेशात कशाला जाईल? माप द्यायला. कुणाचं? माझ्याच अंगाची दुसरी कुणीतरी असेल. दोन्ही बाजूंनी धड असलेली.

लिहून टाकलं. खोडणार नाही.

२१ जानेवारी

व्हिडिओ कॉल आला. मागं कापडाचे तागेच तागे, पार छतापर्यंत. हे मधोमध स्टुलावर, जावयासारखे! आणि शेजारी एक बाई. पस्तिशीची असेल. केस कापलेले, गळ्यात टेप.

"ती कोण?"

"टेलर हाय."

"बाई?"

"इथं बायकाच असत्यात गं."

ती वाकून मोबाईलमध्ये बघायला लागली. माझ्याकडं! वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ह्यांना काहीतरी म्हणाली. हे लाजले. लाजले! मी पदर ओढून घेतला. तेवढ्यात फोन बंद. मग मेसेज आला, नेट गेलं म्हणून. ह्यांचं नेट बरं माझ्या प्रश्नालाच जातं!

२२ जानेवारी

सत्यशीलाचा फोन. "वहिनी, सांगू का नको तेच कळंना मला..." असं म्हणणारी बाई सांगितल्याशिवाय राहते होय? सगळे बोटीत बसून बेट बघायला गेले, हे गेले नाहीत. एकटेच परत त्या बाजारात. काल गेले, आज परत गेले. "सूट तर दोनच हायेत ना वहिनी?"

दोनच आहेत.

वर तिनं वाल्मिकभाऊंनी पहिल्या दिवशी काढलेला फोटो पाठवला. हे त्या शिंपिणीसमोर उभे, हात छातीवर. सिनेमातल्यासारखे! तोही उजव्या बाजूला — ह्यांना काळीज कुठं असतं तेही ठाऊक नाही. ती बाई तोंडभर हसतेय.

मला वाटलं होतं राग येईल. राग नाही आला. भाकरी तव्यावर तशीच करपली. ज्या माणसाबरोबर पंचवीस वर्षं संसार केला त्याला मी आता नको आहे, एवढंच डोक्यात. त्यात त्याची चूक काय, असंही वाटलं. मग मात्र राग आला, आणि मला स्वतःचाच आला. आजारी मी पडले आणि चूक माझीच कशी?

विचारायचं नाही. विचारलं तर म्हणतील, आजारपणानं डोकं फिरलं.

२३ जानेवारी

तीनदा फोन आला. उचलला नाही.

२५ जानेवारी

आले. सूट दाखवले. ह्यांचा अंगावर घालून बघितला, खांद्यावर सुरकुती नाही. मी अस्तर उलटंपालटं करून बघितलं, शिवण ओढून बघितली, बटणं ओढली. खोट सापडेना. त्याचाही राग आला.

मग बॅगेच्या तळातून एक पुडकं काढलं आणि पलंगावर ठेवलं. "तुझं हाय," म्हणाले, आणि नेहमीसारखे बाहेर.

आत माझा डाळिंबी ब्लाउज! आणि चार नवे. जांभळा, मोरपंखी, पिवळा, आणि लग्नातल्या शालूला शोभेल असा एक. बारीक टाके, आत मऊ अस्तर. आणि एकाच बाजूला आतून गुबगुबीत गादी शिवलेली. एकाच बाजूला!

म्हणजे हे त्यासाठी बाजारात गेले होते. छातीवर हात ठेवून त्या परक्या बाईला हे माझं दुखणं समजावत होते. भाषा येत नाही, काही नाही! मी दार लोटलं आणि पलंगावर बसून पोटभर रडले. सत्यशीलाला फोन करून दोन शब्द सुनवावेत असंही वाटलं.

मग मोरपंखी घातला.

गादी उजवीकडं. चारही ब्लाउजांना, उजवीकडंच! धडधाकट बाजू आत मावेना, आणि डावीकडं पहिल्यासारखंच रिकामं.

बाहेरून आवाज आला, "बसला का गं?"

"बसला," म्हटलं.

२६ जानेवारी

बायको समोर उभी आहे असं धरून ह्यांनी हात ठेवला असणार, म्हणून बाजू उलटली. कबूल. पण मग तिथं उभं राहून कुणी क्षणभर डोळे मिटले असते तरी आठवलं असतं ना! आठवायला आधी बघितलेलं असावं लागतं. वर्षभरात ह्या माणसानं एकदाही बघितलं नाही.

ह्यांनी दुसरी बाई बघितली असती तर मी भांडले असते, माहेरी गेले असते. आता ह्याच्यावर काय भांडू? एवढ्या लांबून, एवढ्या मायेनं चुकीचं शिवून आणलंय! सकाळपासून दोनदा विचारलं, "घातला का न्हाई?" तोंड तर असं, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखं.

गप्प बसावं? रेश्माकडून उसवून घ्यावं, ह्यांना कळूही देऊ नये? असं न बोलता एक वर्ष काढलं, पुढचीही निघतील.

नाही. मला नाही काढायची तशी.

२७ जानेवारी

सकाळी हे दुकानाची किल्ली घेऊन निघाले होते. म्हटलं, थांबा. दाराला कडी घातली. मागच्या खिडकीचा पडदा सरकवला. तिकडं ऊसच आहे, बघणार कोण, आणि मला उजेड हवा होता. मोरपंखी ब्लाउज घातला होता, तो काढला.

"बघा."

मान खाली.

"बघा म्हणते ना!"

बघितलं. बराच वेळ. "डावी व्हय," म्हणाले, "डावी..." आणि खाली बसले. मी नाही रडले.

मग म्हणाले, "हात लावू का?"

स्वतःच्या बायकोला विचारतात!

दुकान आज दुपारी उघडलं.